सालीच्या आत

१

बाजारातल्या फळांवर माझा विश्वास नाही. कुणी कसली फवारणी केली, कधी तोडलं, कशात बुडवून काढलं, काही सांगता येत नाही. बायको म्हणते, विश्वास नाही अशा गोष्टींची यादी कशाला करतोस, आहे अशांची कर, एका ओळीत आटपेल. ती इस्पितळात नर्स आहे. दिवसभर लोकांना धीर देते आणि उरलेला वेळ माझी टिंगल करते.

मी मुद्रितशोधक. छापायला जाणाऱ्या पानांतल्या चुका काढायच्या, हा माझा धंदा. वीस वर्षं हेच केल्यावर माणूस बरोबर असलेल्या ओळीकडेही वाकड्या नजरेनं बघतो. म्हणून मुलगी रांगायला लागली तेव्हाच मी ठरवलं, हिच्या पोटात जाईल ते फळ घरचं असेल. घरामागे जमिनीची एक लांबट पट्टी आहे. तिथे लिंबू, अंजीर, डाळिंब आणि एक पेरू लावला. मुलीला आम्ही ठकी म्हणतो. ती आता सात वर्षांची आहे आणि पेरूचं झाड छपराच्या वर गेलंय. गेलं होतं, असं म्हणायला हवं. ते पुढे येईल.

पेरू लिंबाएवढा झाला की त्याला पिशवी घालावी लागते, नाही तर फळमाशी आधी जेवते आणि उरलं तर आपण. प्लास्टिकमध्ये फळाला घाम येतो, म्हणून बायकोनं ठकीच्या लहानपणच्या झबली-फ्रॉकांच्या पिशव्या शिवल्या, नाडीच्या. प्रत्येक नाडीला मी क्रमांक आणि तारीख लिहिलेला पुठ्ठा बांधतो. गाठ माझी, अक्षर माझं. फळ तयार झालं की हातात धरून किंचित फिरवायचं, सहज सुटलं तर घ्यायचं, अडलं तर राहू द्यायचं.

यंदाचा पहिला पेरू एका शनिवारी सकाळी सुटला. पिशवी क्रमांक चार, गाठ जशीच्या तशी. साल गुळगुळीत. कामाचं भिंग लावून पाहिलं, कुठे टोच नाही, डाग नाही. स्वयंपाकघरात नेऊन मधोमध कापला. आतला गर सुरेख गुलाबी होता आणि त्याच्या मध्यावर कुणीतरी खाल्लेलं होतं.

अळीनं खाल्लेलं मला ओळखू येतं. अळी वाट पाडत जाते आणि वाटभर घाण करत जाते. इथे सरळ एक घास गेला होता. घासाच्या कडेला बारीक खाचा होत्या, ओळीनं चार, आणि मध्ये एका खाचेची जागा मोकळी.

"अळी असेल," बायको म्हणाली.

"अळीला दात असतात?"

"तुझ्या अळीला असतील बाबा. तुझ्या झाडाचं काय सांगावं!" तिनं दोन्ही फोडी कचऱ्यात टाकायला हात पुढे केला. मी दिल्या नाहीत.

तेवढ्यात ठकी डोळे चोळत आली. आईनं तिच्यापुढे दूध आणि ब्रेड ठेवला. तिनं पेला बाजूला सारला. "मला नको. माझं पोट भरलंय."

ती नुकतीच अंथरुणातून उठली होती.

२

एक अर्धुक मी डबीत घालून नर्सरीवाल्याकडे नेलं. रोप त्याच्याकडचंच होतं. हा माणूस बोलता बोलता कलमं बांधतो आणि कलमं बांधता बांधता सल्ले देतो, दोन्ही सहसा जगतात.

त्यानं फोड उजेडात धरली. "साहेब, हे कुणीतरी खाल्लंय."

"साल अख्खी होती. मी स्वतः कापलाय."

"मग कापल्यावर कुणीतरी खाल्लं."

"मी तिथेच उभा होतो."

त्यानं फोड परत डबीत ठेवली आणि हात पुसले. "हे बघा, रोग असता तर मी नाव सांगितलं असतं, कीड असती तर औषध दिलं असतं. हे पोराचे दात आहेत. तुम्हाला घरातलंच कुणीतरी बनवतंय. पोरं लई उपद्व्यापी असतात."

मला मनातून बरं वाटलं. झाडाला काही झालं असतं तर मला कळलं नसतं कुणाला धरावं. बनवणारं माणूस असलं की सापडतं. येताना मी रस्ताभर विचार केला, की बारीक सुरीनं देठाजवळ चीर देऊन, आतून कोरून, पुन्हा साल चिकटवता येईल का. सात वर्षांच्या मुलीला हे जमणार नाही हे मला कळत होतं. तरी घरी येऊन मी देठांना भिंग लावून बसलो.

त्या आठवड्यात सहा पेरू उतरले. सहाही आतून खाल्लेले निघाले. एकात एक घास, एकात तीन, एकात बियांचा अख्खा गोळाच गायब.

३

ठकीचा वरचा पुढचा दात पडून तेव्हा दहाएक दिवस झाले होते. शेजारचा जरा तिरका आला आहे.

मी मेणबत्तीचा तुकडा कोमट केला आणि तिला म्हटलं, "चल, गंमत करू. याला चाव."

"कशाला?"

"तुझ्या दातांचा ठसा घेऊ."

ती हसत हसत चावली. पोरगी भाबडी आहे, कुणीही काहीही म्हटलं की करते. मी मेणाचा तुकडा आणि पेरूची फोड शेजारी शेजारी ठेवून भिंग लावलं. मोकळी जागा तीच. तिरक्या दाताची खाच तीच. मग मी पेरूचा पुठ्ठा काढला.

त्यावरची तारीख दीड महिन्यापूर्वीची होती. तेव्हापासून त्या पिशवीची गाठ सुटली नव्हती, आणि दीड महिन्यापूर्वी ठकीचा दात जागेवर होता.

मी तिला समोर बसवलं आणि नको त्या आवाजात विचारलं, "पेरू कधी खाल्लेस?"

"मी नाही खाल्ले. विचारल्याशिवाय झाडाला हात नाही लावायचा, असं तू म्हणालास ना."

"खोटं बोलू नकोस."

"नाही रे बाबा. शप्पथ." तिचे डोळे भरले. ती बोलत होती आणि तिच्या तोंडाला पिकल्या पेरूचा वास येत होता. मी तिला खोलीत जाऊन बसायला सांगितलं. अर्ध्या तासानं मीच जाऊन तिला जवळ घेतलं, आणि जवळ घेतल्यावरही तिच्या केसांचा, फ्रॉकचा वास घेत राहिलो. मला माझीच लाज वाटली, पण मी वास घेतला.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ही आठ दिवस धड जेवत नाहीये, तरी काल वॉर्डात वजन केलं तर दीड किलो वाढलंय. शाळेत कुणाच्या तरी डब्यावर ताव मारत असणार. त्याचा शोध लाव. पेरूचा पिच्छा सोड."

"आणि दातांचं काय?"

"तू मेणबत्ती चावायला लावलीस पोरीला?" तिनं एवढंच विचारलं.

४

बायकोला पुरावा लागतो. मलाही लागतो, त्या बाबतीत आम्ही एकाच माळेचे मणी.

रविवारी सकाळी अकराला एक पेरू उतरवला, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. दोनशे बारा ग्रॅम. काचेच्या बरणीत ठेवून झाकण घट्ट लावलं आणि बरणी कामाच्या टेबलावर, माझ्या समोर ठेवली. टेबलाच्या पलीकडे ठकीला चित्रं काढायला बसवलं. बायको कामावर गेली होती. दार मी आतून लावलं.

घड्याळाची टिकटिक आणि रंगीत खडूचा कागदावर होणारा आवाज, याखेरीज घरात आवाज नव्हता. ठकी एक घर काढत होती. मी कुठल्याशा भूगोलाच्या पुस्तकाची मुद्रितं तपासत असल्याचं सोंग करत होतो. दर दोन मिनिटांनी बरणीकडे बघायचो. पेरू होता तसा होता.

मग माझ्या लक्षात आलं की खडूचा आवाज चालू आहे आणि त्यात आणखी एक आवाज मिसळलाय. बारीक, करकर असा. बिया दाताखाली आल्यावर होतो तो. ठकीची मान खाली होती. तिचा जबडा हलत होता.

"ठके, तोंडात काय आहे?"

"काही नाही."

"आ कर."

तिनं आ केला. जिभेवर गुलाबी लगदा होता आणि त्यात चार-पाच बिया. तिनं गिळलं, आणि मी रागावेन म्हणून घाईनं तोंड मिटलं. तिच्या हातात खडूशिवाय काही नव्हतं. मी उठून तिचे खिसे पाहिले, टेबलाखाली पाहिलं, तिच्या बाह्या वर केल्या.

बरणीचं झाकण काढून पेरू काट्यावर ठेवला. एकशे सत्त्याऐंशी ग्रॅम. साल अख्खी होती. मी तीन वेळा वजन केलं आणि काट्याखालची फळीसुद्धा पुसून पाहिली. माझी पाचावर धारण बसली होती, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला भीती झाडाची वाटली नाही. समोर उभी राहून बोटाला लागलेला खडू फ्रॉकला पुसणारी ही मुलगी कोण, असं माझ्या मनात आलं. असा विचार बापाच्या मनात येऊ नये. आला.

५

पुढच्या रविवारी बायकोला सुट्टी होती. दुपारी ती आणि ठकी आतल्या खोलीत आडव्या झाल्या. बायको मासिक वाचत होती, ठकी तिच्या कुशीत झोपली होती. मी स्वयंपाकघरात दोन पेरू मांडले, वजनं केली आणि थांबलो. एकाचं वजन उतरायला लागलं की बायकोला हाक मारायची, तिच्या डोळ्यांदेखत कापायचा, असा माझा बेत होता.

तीन वाजायच्या सुमाराला काट्यावर ठेवलेला पेरू हलका व्हायला लागला. काट्यावरचा आकडा माझ्यासमोर उतरत होता, दोन ग्रॅम, थांबून पुन्हा दोन. हाक मारायचं मी विसरलो. आत काय आहे ते आत्ताच्या आत्ता दिसेल, एवढंच डोक्यात राहिलं. मी सुरी घेतली आणि जोर देऊन कापला.

सुरी अर्ध्यात गेली आणि गराची कचकच लागायच्या जागी मऊ काहीतरी लागलं. फोडी बाजूला झाल्या. गुलाबी गरात गुलाबीच काहीतरी होतं, ओलं, आणि ते झटकन मागे सरलं. मी एवढंच पाहिलं.

आतल्या खोलीतून ठकी किंचाळली.

बायको तिला उचलून धावत बाहेर आली. ठकीचा खालचा ओठ बाहेरच्या बाजूनं, सरळ रेषेत कापला होता. रक्त हनुवटीवरून आईच्या गाऊनवर गळत होतं. "मी शेजारी होते," बायको म्हणत होती, "मी तिच्याकडेच बघत होते, आपोआप फाटला, माझ्यासमोर..." मग तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. जन्म जखमा बघण्यात गेलाय तिचा. दातानं फाटलेलं काय आणि पात्यानं कापलेलं काय, हे तिला कुणी सांगायला नको. सुरीच्या पात्यावर लाल रेघ होती.

ठकी हुंदके देत माझ्याकडे बघत होती. "बाबा, सुरी का लावलीस?" ती म्हणाली. "मी खात होते ना."

दोन टाके पडले.

६

सोमवारी मी करवत आणली. बायको अडवायला आली नाही. ती दारात उभी राहिली, ठकीचा हात धरून.

आधी सगळे पेरू उतरवले. फिरवून बघण्याची पद्धत त्या दिवशी पाळली नाही, ओढून काढले. त्रेपन्न निघाले. त्यांना नख लावायची माझी छाती झाली नाही. एका क्रेटमध्ये कपडे अंथरून, अंड्यांसारखे हळू ठेवले. मग खोडाला करवत लावली. प्रत्येक दहा ओढींनंतर थांबून ठकीकडे बघत होतो. तिला काही होत नव्हतं. ती कंटाळून आत गेली तेव्हा मला रडू आलं, इतकं हायसं वाटलं.

बुंधा उपटायला नर्सरीवाला आला. "साहेब, एवढं निरोगी झाड? बरं, चार काड्या द्या मला. कलम बांधून ठेवतो. पुढेमागे वाटलं तर."

"एकही काडी इथून जाणार नाही," मी म्हणालो. त्यानं काड्या बगलेत मारून नेल्या तर, म्हणून मी त्याच्या टेंपोतसुद्धा डोकावलो. सगळं माझ्यासमोर जाळलं, पानं, फांद्या, मुळं. राख होईपर्यंत मी जागचा हललो नाही.

त्या संध्याकाळी बायकोनं ठकीला सूप दिलं. तिनं दोन चमचे घेतले आणि ओकली.

७

दुसऱ्या दिवशी अंडं ओकली. तिसऱ्या दिवशी दूध. बाजारातनं पेरू आणला, मी, ज्यानं सहा वर्षं बाजारचं फळ घरात येऊ दिलं नव्हतं. तिनं एक तुकडा तोंडात धरला, चावला, आणि तो गिळताच येईना. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. पोट उत्तम, आतडी उत्तम. "हट्ट असेल," ते म्हणाले. सलाईन लावलं तर हात सुजला आणि पाणी आत शिरेना.

पण ती खंगली नाही. कारण कोठीत क्रेट होता. रोज सकाळी एक-दोन पेरू हाताला हलके लागायचे. साल तशीच, आत पोकळ. दाबलं तर चेपायचे.

एकदा बायको कामावरून आली, गणवेशही न बदलता कोठीत जमिनीवर बसली आणि एकेक पेरू ओल्या फडक्यात गुंडाळायला लागली. "थंडाव्यात किती दिवस टिकतील?" तिनं विचारलं.

"तीन आठवडे. फार तर चार."

"तुझ्या त्या नर्सरीवाल्याला विचार ना. त्यानं एखादी काडी ठेवली असेल."

"मी त्याची गाडी तपासली होती."

तिनं मान वर केली नाही. गुंडाळत राहिली. मी तरीही गेलो. त्याच्या हातापाया पडायची माझी तयारी होती. तो म्हणाला, "तुम्हीच जाळलंत की साहेब, समोर उभं राहून." त्याच्या रोपांतला दुसरा पेरू आणून लावला, पण तो फळायला दोन वर्षं घेणार, आणि त्याचा काही उपयोग होईल असं मला वाटत नव्हतं.

काही फळं सडली. ती टाकताना बायको हात धुवायची आणि बराच वेळ नळ चालू ठेवायची. उरलेली ठकीनं संपवली. एका मंगळवारी शेवटचा पेरू माझ्या तळहातावर होता. आतून बारीक करकर येत होती, बोटांना जाणवत होती. मी हात अजिबात हलवला नाही. ती थांबली तेव्हा पेरूचं वजन हाताला लागत नव्हतं.

८

बुधवारी ठकीनं काही खाल्लं नाही. गुरुवारी तिचे ओठ सुकले. शुक्रवारी बायकोनं रजा टाकली आणि तिला मांडीवर घेऊन बसली.

शनिवारी सकाळी ठकी आपली आपण उठली. गालांवर रंग होता. ओठाचा व्रणसुद्धा फिका पडला होता. आईनं ब्रेड पुढे केला तर म्हणाली, "नको, पोट भरलंय." बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं मी कुठे तरी एखादा पेरू लपवून ठेवला होता. मला वाटलं तिनं ठेवला होता.

मी मागे गेलो. डाळिंबं चाचपली, अंजिरं चाचपली, लिंबं एकेक करून काट्यावर ठेवली. सगळी भरलेली, जड. आठवडाभर मी घरातला प्रत्येक कांदा, प्रत्येक बटाटा तपासला. ठकी शाळेत जायला लागली होती. शेजारणीनं तिच्या गालांचं कौतुक केलं, आणि मला म्हणाली, तुम्ही मात्र वाळलात हो भाऊजी, काळजीनं.

काल आंघोळ करताना माझा हात डाव्या बरगडीखाली गेला. बोट आत गेलं. कातडी अख्खी होती, कुठे टोच नाही, डाग नाही, दुखतही नव्हतं. आत काही लागलं नाही. मी बोट काढलं आणि बराच वेळ पाणी अंगावर घेत राहिलो. भीती वाटली. मग हिशेब केला, की मी चांगला ऐंशी किलोचा माणूस आहे, आणि खरं सांगतो, बरं वाटलं.

आज सकाळी आम्ही तिघं टेबलाशी होतो. बायको चहा ओतत होती. ठकी माझ्यासमोर पाय हलवत बसली होती, तिच्यापुढे ताटली नव्हती. तिचा जबडा हलायला लागला आणि माझ्या कुशीत आतून हलकी ओढ जाणवली.

"काय झालं?" बायकोनं विचारलं. "कुशीला हात का धरलायस?"

"काही नाही," मी म्हणालो. ठकीनं चावणं थांबवलं होतं आणि ती भेदरून माझ्याकडे बघत होती. मी हात काढून टेबलावर ठेवला.

"खा," मी तिला म्हटलं. "सावकाश खा."